मोळी, ओंडका आणि हातगाडी

दरवर्षी वैशाखात, पहिला पाऊस पडण्यापूर्वी, आपल्या विद्यालयाच्या आवारातील झाडांची छाटणी होते. वसतिगृहाच्या कौलांवर झुकलेल्या कडुनिंबाच्या फांद्या, विजेच्या तारांपर्यंत पोहोचलेला गुलमोहर, वाळलेली सुबाभूळ यांना हात लावावाच लागतो. कुऱ्हाडीचे काम एका दिवसात आटोपते. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. मैदानभर पडलेले ओंडके आणि फांद्यांचा ढीग उचलायचा कसा, आणि उचलायचा कोणी?

या प्रश्नाचे गांभीर्य आम्हास एका पालकसभेत कळले. मुले फांद्या ओढताना पाहून एक वयस्क पालक उभे राहिले व म्हणाले, “सर, माझ्या आईचे टाळूवरचे केस मोळीनं झिजले. तिच्या नातवालाही लाकडालाच जुंपायचं का?” सभेत शांतता पसरली. त्या दिवशी आम्हापाशी उत्तर नव्हते. श्रमप्रतिष्ठेवर दोन वाक्ये बोलून वेळ मारून नेता आली असती. परंतु ज्यांच्या पिढ्यांनी सक्तीने ओझी वाहिली, त्यांना श्रमाचा महिमा सांगण्याचा अधिकार आम्हास नाही, असे वाटले. त्यानंतर आवारात जी हातगाडी आली आणि तिच्यासोबत जे नियम आले, त्यांची हकिकत माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ओझ्याचा विचार करू. ओले लाकूड किती जड असते, याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. 30 सेंटीमीटर व्यासाचा आणि 1 मीटर लांबीचा ओंडका सुमारे 70 लिटर जागा व्यापतो. ताजे तोडलेले लाकूड बहुधा पाण्याहून थोडेच हलके असते. म्हणजे हा एकच तुकडा साठ किलोंच्या आसपास भरतो. व्यास दुप्पट झाला, तर त्याच लांबीच्या तुकड्याचे वजन दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून जाड बुंध्याचे तुकडे आखूड आणि बारीक फांद्यांचे लांब करावेत, असे आम्ही तोडणाऱ्यास आधीच सांगून ठेवतो. वाहण्याची सोय तोडतानाच ठरत असते.

डोक्यावरच्या मोळीत हे सारे वजन चुंबळीवरून मानेत, मानेतून कण्यात आणि कण्यातून गुडघ्यांत उतरते. प्रत्येक पावलागणिक उतरते. चाकावर ठेवलेल्या ओझ्याचा भार मात्र जमीन घेते. माणसाने केवळ ते हलवायचे आणि त्यास दिशा द्यायची. कठीण, सपाट वाटेवर त्यासाठी वजनाच्या मानाने थोडाच जोर लागतो. भुसभुशीत मातीत तोच जोर कित्येक पटींनी वाढतो. म्हणून गाडी भरण्याआधी वाट साफ करावी, दगड वेचावेत आणि मऊ जागी फळ्या टाकाव्यात. चाक मोठे असेल तर ते खाचखळग्यांतून सहज निघते. लहान चाक प्रत्येक दगडापाशी अडते.

आमची गाडी दोन चाकांची, लोखंडी सांगाड्याची आणि काढता येणाऱ्या बाजूंची आहे. ओंडका चढविताना तो कोणीही उचलत नाही. मोकळी गाडी दांडा वर करून मागे कलती करावी, म्हणजे तिचे मागचे टोक जमिनीस टेकते. चाकांखाली दगड लावावेत. मग पहारीने ओंडका गडगडवत त्या टोकावर घ्यावा, दोराने बांधावा आणि दोघांनी मिळून दांडा खाली दाबावा. दांडा आसापासून जितका लांब, तितके बळ कमी लागते. विज्ञानाच्या पुस्तकातील तरफ ती हीच. ओझे आसाच्या किंचित पुढे, दांड्याच्या बाजूस असावे. फार पुढे गेले तर सारा भार ओढणाऱ्याच्या हातांवर येतो. मागे राहिले तर दांडा अचानक वर उसळतो व हनुवटीवर आदळू शकतो.

फांद्यांची गोष्ट निराळी. त्या हलक्या, पण जागा फार खातात. त्या कशाही कोंबल्या, तर गाडीत निम्मी हवाच भरते. सर्व फांद्यांची जाड बुडखे पुढे आणि शेंडे मागे, अशी एकाच दिशेने मांडणी करावी. जाड फांद्या खाली, डहाळ्या वर. आडवे फाटे कोयत्याने आधीच छाटून घ्यावेत. शेंडे मागे असले की ते वाटेवर लवत, घसटत येतात. पुढे असले तर जमिनीत रुततात व गाडी अडवतात. वरून दोर आवळून घेतला की वाटेत काही सांडत नाही.

उतारावर एक नियम कधीही मोडू नये. माणूस नेहमी वरच्या अंगास असावा आणि गाडी खालच्या. चढावर गाडी मागे ठेवून ओढावी. उतारावर ती पुढे ठेवून मागून दांड्याने धरावी आणि जड ओझ्याच्या वेळी आणखी दोघांनी मागे बांधलेला दोर ओढून धरावा. हात सुटलाच, तर गाडी माणसाच्या अंगावर न येता त्याच्यापासून दूर जाते. अर्थात त्या वेळी तिच्या वाटेत, खालच्या बाजूस, कोणी असता कामा नये. ओझ्यावर बसून कोणीही जाऊ नये.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. चाक आपल्या भूमीला नवे नाही. 1974 साली प्रवरा नदीकाठच्या दायमाबाद येथे एका भिल शेतकऱ्याला झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार जड ब्राँझ वस्तू सापडल्या. त्यांत बैल जुंपलेला रथ होता; सोबत हत्ती होता; गेंडा आणि रेडा हे चाकांवर उभे होते. ताम्रपाषाण युगाशी जोडले जाणारे हे वैभव जगापुढे आले, ते एका कष्टकऱ्याच्या हातून. चाक इतके जुने, तरीही आमच्या आज्यांच्या डोक्यावरची मोळी विसाव्या शतकातही उतरली नव्हती. साधनाचा शोध लागणे वेगळे आणि ते कष्टकऱ्याच्या हाती येणे वेगळे. ज्याच्या श्रमास मोल नाही, त्याचे श्रम वाचविण्याची कोणास निकड वाटत नाही. बाबासाहेबांनी 1945 च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या अर्थाच्या इंग्रजी ग्रंथात यंत्राची बाजू घेतली, ती याच कारणाने. माणसास पशुवत कष्टांतून सोडवून संस्कृतीसाठी फुरसत मिळवून देण्याचे साधन म्हणून त्यांनी यंत्राकडे पाहिले. हातगाडी हे यंत्र लहान खरे. पण तिचा न्याय तोच.

मात्र गाडी आणल्याने त्या पालकांच्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर मिळते. ती ओढणार कोण, हे उरतेच. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील माणसाने ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. तेथे एक माणूस दुसऱ्या माणसाचे ओझे झाला होता. ओंडका ओढण्यात तसा कमीपणा नाही. परंतु तो नेहमी त्याच घरच्या मुलांनी ओढावयाचा असेल, तर तेथेही जात शिरते. जातिव्यवस्था हे श्रमाचे नव्हे, श्रमिकांचे विभाजन आहे, हे 1936 साली बाबासाहेबांनी दाखवून दिले. म्हणून आमची पाळी हजेरीपटाच्या क्रमांकाने लागते आणि त्या यादीत शिक्षकांची नावेही असतात. कोणतेही काम शिक्षा म्हणून दिले जात नाही. झाडावर चढणे, कुऱ्हाड, कोयता व करवत ही कामे जाणत्या मजुरांची. त्यांना ठरलेली मजुरी मिळते. वरचा माणूस खाली उतरल्याशिवाय मुले आणि गाडी त्या जागेजवळ येत नाहीत. मुले डहाळ्या व फांद्या भरतात. ओंडक्यांना प्रौढच हात लावतात. अभ्यासिकेची घंटा झाली की गाडी आहे तेथे उभी राहते.

झाड तोडावयाचे असेल, तर नागरी हद्दीत 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. छाटणीपूर्वीही आम्ही अर्ज करतो. गोळा झालेल्या मालातील पाला खताच्या खड्ड्यात जातो, कडुनिंबाचा थोडा पाला वाळवून धान्याच्या कोठीत ठेवला जातो, जाड फांद्या पडवीत रचल्या जातात आणि मोठे ओंडके वडाखाली बसावयास होतात. स्नेहसंमेलनास येणारे माजी विद्यार्थी ज्यांवर बसून गप्पा मारतात, ते हेच.

ते पालक पुढच्या छाटणीस आले होते. त्यांनी पाळीची यादी शेवटपर्यंत वाचली, गाडीचा दांडा दाबून पाहिला आणि दोराची एक गाठ सोडून स्वतः पुन्हा बांधली. आमची गाठ सैल होती. आता मुलांना आम्ही त्यांचीच गाठ शिकवितो.

यंदाच्या वैशाखातही छाटणी होईल. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यावेसे वाटेल, त्यांनी अवश्य यावे. गाडी स्वयंपाकघराच्या मागील पडवीत असते. दांड्यास हात लावण्यापूर्वी चाकांतील हवा तेवढी पाहून घ्यावी.