दंड थकला तर पुढे काय होतं?

फौजदारी निकालाच्या शेवटी एक ओळ हमखास असते : ‘दंड न भरल्यास आणखी दोन महिने साधी कैद.’ निकाल कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. पक्षकार असतो कोगनोळी, बेनाडी किंवा बोरगावचा मराठी माणूस. कोर्टातून बाहेर पडताना त्याच्या डोक्यात एवढंच राहतं की दहा हजार दंड झालाय. ओळीचा उरलेला अर्धा भाग त्याला कळतो तो वॉरंट घेऊन पोलीस दारात उभे राहिल्यावर. सीमाभागातल्या कोर्टकचेऱ्यांमध्ये हे इतक्यांच्या वाट्याला येतं की हा विषय एकदा नीट उलगडून सांगायलाच हवा.

न भरल्याबद्दलची ही कैद मूळ गुन्ह्याच्या शिक्षेपेक्षा वेगळी असते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली हे स्पष्ट केलं आहे. मूळ शिक्षा गुन्ह्यासाठी असते, तर ही कैद पैसे न भरल्याबद्दल असते. पैसे भरून ती टाळता येते, मूळ शिक्षा तशी टळत नाही. म्हणूनच ती मूळ शिक्षेसोबत एकत्र भोगता येत नाही, मूळ शिक्षा संपल्यावर वेगळी भोगावी लागते. ‘दोन्ही शिक्षा बरोबरच चालतील’ असं गृहीत धरून बसणारे इथेच फसतात. २०१८ साली महाराष्ट्रातल्या मोक्काच्या एका प्रकरणात जन्मठेपेच्या कैद्याला वेगवेगळ्या कलमांखाली मिळून लाखोंचा दंड झाला होता. तो न भरल्यास भोगायच्या कैदेची बेरीज दहा वर्षांवर गेली होती. या कैदा एकमेकींबरोबर चालू शकत नाहीत, असंच सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाही सांगितलं. मात्र हा बोजा अती आहे हे ओळखून त्यांची मुदत कमी केली. मुदत कमी करून मागता येते, ही त्या निकालातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

ही कैद किती असू शकते, यालाही मर्यादा आहेत. ज्या गुन्ह्याला तुरुंगवास सांगितला आहे, तिथे न भरल्याची कैद कमाल शिक्षेच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त देता येत नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे दंड थकल्याबद्दल जास्तीत जास्त नऊ महिने. ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे, तिथे कैद साधीच द्यावी लागते, सक्तमजुरीची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचं मोजमाप असं आहे : दंड पाच हजारांपर्यंत असेल तर दोन महिने, दहा हजारांपर्यंत चार महिने, त्यापुढे एक वर्षापर्यंत. जुन्या भारतीय दंड विधानात हेच टप्पे पन्नास आणि शंभर रुपयांचे होते आणि कमाल कैद सहा महिन्यांची होती. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनंच दंड विधान लागू होतं, त्यामुळे आज कोर्टात दोन्ही कायदे शेजारी शेजारी चालू आहेत. आपला गुन्हा कोणत्या तारखेचा, हे वकिलाला पहिल्यांदा विचारा.

थोडे पैसे जमले तर काय, हा प्रश्न घरचे लोक नेहमी विचारतात. कायद्याचं उत्तर माणुसकीचं आहे. दंड दहा हजार, न भरल्यास दोन महिने, अशी शिक्षा समजा. माणूस आत गेला, एक महिना काढला आणि घरच्यांनी पाच हजार आणून भरले. निम्मे पैसे भरले आणि निम्मी कैद झाली, म्हणजे त्याला त्याच दिवशी सोडलं पाहिजे. महिना पुरा व्हायच्या आत निम्मे भरले असतील तर महिना संपताच सुटका. पूर्ण दंड भरला तर तत्क्षणी. म्हणून ‘सगळे जमले नाहीत, मग कशाला जायचं’ असं म्हणून घरी बसू नये. भरलेल्या रकमेच्या प्रमाणात दिवस कमी होतात. पैसे कोर्टाच्या कचेरीत भरावेत, पावती घ्यावी आणि तिची प्रत तुरुंगात पोचेल अशी सोय करावी. पावतीशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नयेत.

त्याही आधीचा एक मार्ग बहुतेकांना कुणी सांगतच नाही. शिक्षा फक्त दंडाची असेल आणि जागच्या जागी पैसे भरता येत नसतील, तर कोर्ट तीस दिवसांची मुदत देऊ शकतं. दोन किंवा तीन हप्तेही पाडून देऊ शकतं. पहिला हप्ता तीस दिवसांत आणि पुढचे प्रत्येकी तीस दिवसांच्या आत भरायचे. तोवर कैद तहकूब राहते, आरोपी जातमुचलक्यावर किंवा जामीनदार देऊन बाहेर राहतो. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२४ मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ मध्ये आहे. तंबाखूचे किंवा उसाचे पैसे हाती यायला अवकाश असलेल्या शेतकऱ्यासाठी ही केवढी सोय आहे! पण ती मागावी लागते. निकालाच्या दिवशीच अर्ज दिला तर उत्तम. न मागता मिळेल या भरवशावर राहू नये.

मुदत उलटली, अर्जही केला नाही, मग वसुली सुरू होते. कोर्ट दोन प्रकारचं वॉरंट काढू शकतं. एक, जंगम मालमत्ता जप्त करून विकण्याचं. दुसरं, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करण्याचं. त्यात जमीन आणि घरही येतं. मात्र या दुसऱ्या वॉरंटवर माणसाला अटक करून डांबता येत नाही. आणि ‘न भरल्यास कैद’ पुरती भोगून झाली असेल, तर कोर्टाने खास कारणं लेखी नोंदवल्याशिवाय नव्याने वॉरंट काढता येत नाही. याला एक मोठा अपवाद आहे. दंडातून फिर्यादीला नुकसानभरपाई द्यायचा आदेश असेल, तर कैद भोगूनही वसुली थांबत नाही.

सीमाभागात हमखास ऐकू येणारा एक गैरसमज इथे खोडून काढला पाहिजे. दूधगंगा ओलांडून कागलला गेलं की निपाणीच्या कोर्टाचा हात पोचत नाही, असं काहीजण मानतात. तसं नाही. जप्तीचं वॉरंट दुसऱ्या जिल्ह्यातल्या मालमत्तेवरही चालतं, फक्त त्यावर त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची सही लागते. महसुली थकबाकी एका जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दुसऱ्या जिल्ह्याला दाखला पाठवून वसूल करायची तर १८९० च्या कायद्यापासूनची पद्धत आहे. राज्याच्या हद्दीवरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालू आहे, पण दंडाच्या वसुलीला ही हद्द आड येत नाही. वसुलीची मुदत शिक्षा झाल्यापासून सहा वर्षं. तुरुंगवासाची शिक्षा त्याहून लांब असेल तर ती संपेपर्यंत. दंड झालेला माणूस वारला तरी त्याच्या मागे राहिलेली मालमत्ता सुटत नाही.

निपाणी, चिक्कोडी, बेळगावच्या कोर्टांत या सगळ्याचा अनुभव सर्वांत जास्त येतो तो चेकच्या प्रकरणांत. तंबाखूची पेठ, गावोगावच्या पतसंस्था आणि सौहार्द संस्था, आणि कर्जाला तारण म्हणून घेतलेले कोरे चेक. चेक परत गेला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या बँकशाखेत आहे तिथल्या कोर्टात खटला चालतो. म्हणजे कागलच्या माणसाने निपाणीच्या व्यापाऱ्याला दिलेल्या चेकसाठी तारखा निपाणीतच पडणार. खटला चालू असतानाच कोर्ट चेकच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई साठ दिवसांत भरायला सांगू शकतं. शिक्षेविरुद्ध अपील केलं तर वरचं कोर्ट दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान वीस टक्के आधी जमा करायला लावू शकतं. ‘सहा महिने आत काढतो, पण पैसे देत नाही’ असा हिशेब करणाऱ्यांना २०१७ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल माहीत हवा : कैद भोगली तरी भरपाईची रक्कम वसूल होऊ शकते. आत जाऊन आलेला माणूस आणि तरीही डोक्यावर तेवढंच देणं, ही सर्वांत वाईट अवस्था. त्यापेक्षा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर तडजोड करणं कायद्याला मान्य आहे, आणि लोकअदालतीत ती रोज होते.

बायकोमुलांच्या पोटगीचंही असंच. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते आणि कैद भोगल्याने पोटगी फिटत नाही. तिथे मी त्या बाईच्या बाजूचा आहे, म्हणून यापेक्षा जास्त सवलतीचं काही सांगत नाही.

यात भरडला जाणारा आणखी एक माणूस म्हणजे जामीनदार. शेजारधर्म म्हणून, भावकी म्हणून माणूस शेताचा उतारा घेऊन कोर्टात उभा राहतो आणि सही करतो. आरोपी तारखेला येणं बंद करतो. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. आणि मुचलका जप्त झाला की नोटीस जामीनदाराच्या घरी. ती रक्कम दंडासारखीच वसूल होते आणि वसूल झाली नाही तर जामीनदाराला दिवाणी कैदेत सहा महिन्यांपर्यंत राहावं लागू शकतं. नोटीस आल्यावर कोर्टात जाऊन खरं कारण सांगितलं तर रक्कम पूर्ण किंवा काही अंशी माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. गप्प बसणाऱ्याला मात्र ही माफी सहसा मिळत नाही. सही करण्याआधी मुचलक्यावरचा आकडा स्वतः वाचावा.

रस्त्यावरच्या ई-चलनाची गोष्ट यापेक्षा सौम्य आहे. ते कोर्टाने केलेला दंड नसतो. ते थकलं म्हणून कुणी लगेच तुरुंगात टाकत नाही, पण प्रकरण कोर्टाकडे गेलं आणि समन्स टाळलं की वर सांगितलेलाच रस्ता सुरू होतो. कर्नाटकात फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये थकलेल्या चलनांवर पन्नास टक्के सूट मिळाली होती. अशी सूट आली तर घ्यावी, तिच्या आशेवर समन्स मात्र टाळू नये.

दिवाणी कोर्टातली फी थकली तर तुरुंग नाही, पण दावाच मरतो. कोर्ट फी कमी भरली असेल आणि दिलेल्या मुदतीत पुरी केली नाही, तर दावा फेटाळला जातो. तारीख मागितल्याबद्दल लावलेला खर्च पुढच्या तारखेला भरला नाही, तर पुढे दावा किंवा बचाव चालवू दिला जात नाही. खरोखर ऐपत नसणाऱ्याला निर्धन म्हणून दावा दाखल करता येतो. विधी सेवा कायद्याखाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यांचं उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. दिवाणी डिक्रीच्या पैशांसाठी स्त्रीला अटक करता येत नाही. ऐपतच नसलेल्या माणसाला निव्वळ कर्ज थकलं म्हणून कैदेत टाकू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितलं आहे.

स्वातंत्र्यलढ्यात सत्याग्रही दंड नाकारून तुरुंगात जात, आणि सीमालढ्यातही इथल्या अनेकांनी हिंडलग्याचा तुरुंग पाहिला आहे. त्यांनी ते समजून-उमजून पत्करलं होतं. पाच-दहा हजार रुपये नाहीत म्हणून मूळ शिक्षा संपूनही आत राहणारा माणूस असं काही पत्करत नसतो. त्याचं आत राहणं केवळ गरिबीमुळे असतं आणि ते मला सहन होत नाही. अशांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांना मदत करण्याची योजना आणली. जिल्ह्याची समिती दंडासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत मंजूर करू शकते. अमली पदार्थ, भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग आणि यूएपीएच्या प्रकरणांना ती लागू नाही. तुरुंग अधीक्षकांनी नाव कळवायचं असतं, पण घरच्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारलेलं केव्हाही बरं.

भाषेबद्दलचा एक हक्क सीमाभागातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. शिक्षा झालेल्या आरोपीने अर्ज केला, तर शक्य असेल तेव्हा निकालाचं त्याच्या भाषेतलं भाषांतर मागता येतं. अपील होऊ शकणाऱ्या प्रकरणात ते फुकट द्यावं लागतं. सही करण्याआधी, दंड भरण्याआधी, तीस दिवसांची अपिलाची मुदत संपण्याआधी तो अर्ज करा. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा आपल्या तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा. तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.