पद्मिनी तापली तर झाकणाला हात नको

पद्मिनी गाडी कारखान्यातून निघणं बंद होऊन वीस वर्षं उलटली, तरी गावाकडे एखादी अजून दिसतेच. कुणाच्या सासऱ्यांनी हौसेनं जपलेली असते, कुणाच्या गटाचे पापड-मसाले तिच्यातूनच बाजाराला जातात. उन्हाळ्यात घाट चढताना ती तापते, बोनेटखालून वाफ येते, आणि माणूस आधी रेडिएटरचं झाकण उघडायला धावतो. नेमकं तेच करायचं नाही.

वाफ कोंडलेली असताना आपण कुकर उघडतो का? रेडिएटरचं झाकणही पाणी दाबाखाली ठेवतं, म्हणून ते शंभर अंशांवर गेलं तरी लगेच उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि पाणी उकळून तोंडावर उडतं. असा भाजलेला हात आम्ही पाहिलाय. कुणी भाजलंच, तर वीस मिनिटं त्यावर साधं पाणी सोडा. टूथपेस्ट लावू नका.

गाडी सावलीत लावून इंजिन बंद करा. चांगला तासभर जाऊ द्या. तापल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर धातूला तडा जातो. रेडिएटर हाताला कोमट लागला की जाड फडकं धरून झाकण थोडंसंच फिरवा, फस्स आवाज थांबला की काढा.

मग कारण शोधा. गर्दीत, उभ्या गाडीला ताप येतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर आधी पंख्याचा पट्टा बघा. तो ढिला किंवा चिरलेला असेल. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. वेगात चालतानाच तापत असेल, तर बहुधा रेडिएटर चोंदलाय. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की त्याच्या बारीक नळ्यांत पांढरा थर धरतो, अगदी आपल्या बंबात धरतो तसा. तो गॅरेजात साफ करून घ्या आणि पुढे बॅटरीचं पाणी मिसळलेलं कूलंटच घाला.

थर्मोस्टॅट तर घरीच तपासता येतो. काढून आणलेला थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात सोडून चुलीवर ठेवा. पाणी उकळायला आलं तरी त्याची झडप उघडली नाही, तर नवा बसवा. काही मिस्त्री तो कायमचा काढूनच टाकतात. आम्हाला ते पटत नाही. इंजिन थंड राहतं आणि पेट्रोल जास्त पितं.

ऑइलची कांडी ओढून पाहा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर हेड गॅस्केट गेलंय, पाणी ऑइलमध्ये उतरतंय. मग गाडी सुरूच करू नका, टोचन करून गॅरेजला न्या.