प्रभुभोजनाचा प्याला आणि जात

आमच्या लिंबागणेशच्या परिसरातली वडीलधारी माणसे जातीची आठवण सांगतात ती कपबशीची. हॉटेलाबाहेर वळचणीला ठेवलेली, कान तुटलेली कपबशी आपली. चहा प्यायचा, आपणच विसळायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. म्हणूनच शेजारच्या नगर जिल्ह्यातली आपली माणसे ख्रिस्ती का झाली, याचा विचार करताना मी प्रथम त्यांच्या उपासनेतील प्याल्याकडे वळलो.

१८७०च्या दशकात अँग्लिकन पंथाची एस.पी.जी. ही मिशनसंस्था नगरला आली. तिच्याकडे गेलेले बहुसंख्य लोक महार समाजातले होते. अँग्लिकन पंथ म्हणजे इंग्लंडचे चर्च. सोळाव्या शतकात त्याने रोमच्या पोपची सत्ता झुगारली. मात्र बिशप, प्रीस्ट, डीकन ही उतरंड कायम ठेवली. पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एकच त्रैक्य देव, बायबल हा प्रमाणग्रंथ आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन प्रमुख संस्कार, ही त्याची श्रद्धा. उपासना ग्रंथबद्ध आहे. तिचे प्रार्थनापुस्तक प्रथम १५४९ मध्ये निघाले व १६६२ मध्ये स्थिरावले. पापकबुली, शास्त्रवाचन, विश्वासांगीकार, उपदेश, मध्यस्थीची प्रार्थना हे सारे त्यात नेमून दिलेले असते.

या पंथाच्या एकोणचाळीस धर्मकलमांपैकी दोन आपण मुद्दाम पाहावीत. चोविसावे कलम म्हणते की लोकांना न समजणाऱ्या भाषेत प्रार्थना करणे देववचनाविरुद्ध आहे. तिसावे सांगते की प्रभूचा प्याला सामान्य भाविकांना नाकारू नये. रोमन चर्चमध्ये कित्येक शतके भाविकाला फक्त भाकर मिळे, प्याला याजकाचा. ज्यांच्या कानावर मंत्र पडू द्यायचा नाही आणि ज्यांच्या ओंजळीत वरूनच पाणी ओतायचे, असा ज्यांच्याबाबत नियम होता, त्यांना या दोन कलमांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसणार.

प्रत्यक्ष विधी साधा आहे. वेदीपुढील कठड्याशी लोक एका रांगेत गुडघे टेकतात. प्रीस्ट प्रत्येकाच्या हातावर भाकर ठेवतो. मग एकच प्याला ओठांवरून ओठांकडे जातो. मध्ये कापडाने त्याची कड पुसली जाते, एवढेच. उष्टे-खरकटे, शिवाशिव या कल्पनांवर उभ्या असलेल्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती.

किती लहान नव्हती, हे याच पंथाच्या पुण्यातील पंचहौद मिशनने दाखवून दिले. १८९० मध्ये तिथे एका कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. रानडे, टिळक आदी प्रतिष्ठित मंडळी उपस्थित होती. गोपाळराव जोशींनी नावे छापवली आणि पुण्यात ग्रामण्य पेटले. न्यायाधीश असलेल्या रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. कप वेगवेगळे होते, तरी ही कथा!

मग चर्चने जात मोडली काय? प्रामाणिक उत्तर 'पूर्णपणे नाही' असेच आहे. दक्षिणेतील अँग्लिकन मंडळ्यांत जातवार बसणे चाले. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी जात तत्काळ सोडण्याचा आदेश काढला, तेव्हा तंजावरच्या अनेक वेल्लाळ ख्रिस्तींनी मंडळी सोडली, जात सोडली नाही. विधी समतेचा होता. माणसे जात घेऊनच देवळात शिरली होती.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन व इतर पाच मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झाले. पंथांच्या भिंती पडल्या. राज्याने घातलेली भिंत मात्र उभी आहे. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशात १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारा सूसाई सर्वोच्च न्यायालयात गेला. धर्मांतरानंतरही जातीचे तेच जाच तितकेच टिकून आहेत हे सिद्ध झालेले नाही, असे सांगून १९८५ मध्ये न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. टोचा हातात तोच, फुटपाथ तोच. आणखी कोणता पुरावा हवा होता?

रविवारी एका प्याल्यातून पिणारा माणूस सोमवारी त्याच गावात, त्याच वस्तीत परततो. त्याच्या उपासनेचा उपहास करून किंवा तिचे गोडवे गाऊन आपले काम भागणार नाही. त्याच्या धर्मग्रंथाने दिलेला प्याला त्याला गावानेही द्यावा, आणि तोवर राज्याने त्याचा हक्क नाकारू नये, ही मागणी त्याची एकट्याची राहता कामा नये.