कर्जातून सोडवणारे आणि कर्जात बुडवणारे

हप्ते थकले की दोन प्रकारचे फोन सुरू होतात. पहिले वसुलीवाल्यांचे. दुसरे 'कर्जमुक्ती'वाल्यांचे, आणि हे फार गोड बोलतात. कर्ज निम्म्यात मिटवू, वसुलीवाल्यांचा त्रास बंद करू, सिबिलही सुधारून देऊ. झोप उडालेला माणूस अशा बोलण्याला भुलतो यात नवल नाही. पण कर्ज समुपदेशन वेगळं आणि कर्ज मिटवायचं कंत्राट वेगळं. जाहिरातीत मात्र दोन्ही एकाच नावाने विकलं जातं.

'त्यांना रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे', हा पहिला समज. अशा खासगी सेटलमेंट कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचा परवाना असा काही प्रकारच नाही. भिंतीवरचं कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा जीएसटी क्रमांक एवढंच सांगतो की कंपनी कागदोपत्री आहे. उलट डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच पत्रक काढून लोकांना सावध केलं होतं. काही मंडळी 'कर्जमाफीची प्रमाणपत्रं' द्यायची म्हणून फी उकळत होती आणि त्यांना तसा कसलाही अधिकार नव्हता.

दुसरा समज सगळ्यात महागात पडतो. 'हप्ते भरणं थांबवा, बँकेचे फोन उचलू नका, बाकी आम्ही बघतो.' यामागचा हिशेब सोपा आहे. कर्ज चांगलं थकल्याशिवाय बँक तडजोडीला बसत नाही, म्हणून ते आधी थकवायचं. तोवर यांची फी मात्र दरमहा चालू. दरम्यान व्याज वाढतं, दंड लागतो आणि खात्यात पैसे नसल्याने हप्त्याचा ऑटो-डेबिट परत जातो. हा नुसता दंडापुरता मामला नाही. चेक न वटल्यावर जसा खटला होऊ शकतो, तसाच पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली इथेही होऊ शकतो, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतची आहे. कंपनीचा माणूस हे कलम तुम्हाला सांगणार नाही. समन्स आलं तर ते तुमच्या नावाने येतं, त्याच्या नाही.

तडजोड झालीच, तर क्रेडिट अहवालात त्या कर्जापुढे 'सेटल्ड' असा शेरा बसतो. 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पुढच्या वेळी घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँकेची नजर आधी त्या शेऱ्यावर जाते. नोकरी गेली, घरात मोठं आजारपण आलं, तर सेटलमेंट करावीही लागते, त्यात लाज नाही. पण अर्ज आपण स्वतः बँकेकडे करू शकतो. राष्ट्रीय लोक अदालतीतही बँका अशी प्रकरणं ठेवतात आणि तिथे कोर्ट फी लागत नाही. राहिला वसुलीवाल्यांचा त्रास. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. तो पदरात पाडून घ्यायला मध्यस्थ कशाला?

'महिन्यात सिबिल साडेसातशेवर नेऊन देतो' ही शुद्ध थाप. खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करून घेणं फुकट आहे, आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत ती दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. पूर्ण अहवालही प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा मोफत मिळतो.

मग फुकटचा सल्ला काय कामाचा, असं आपल्याकडे हमखास विचारतात. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये बँकांसाठी कर्ज समुपदेशन केंद्रांची आदर्श योजना आणली, तीच मुळी सेवा मोफत असावी आणि सल्लागाराने आपल्या बँकेचा माल विकू नये या अटींवर. आज जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या कार्यालयात आर्थिक साक्षरता केंद्राची चौकशी करता येते. सगळीकडे सारखं काम चालतं असं मी म्हणणार नाही. बराचसा भर बचत आणि खाती उघडण्यावर असतो. तरी सुरुवात तिथून करायला काहीच जात नाही.

खरा सल्लागार बोलण्याआधी कागद मागतो. पगार, घरखर्च, प्रत्येक कर्जाचा व्याजदर. मग तुमच्यासमोर आकडे मांडतो. कार्डावर १ लाख थकलेत, व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३०. तुम्ही ५,००० भरलेत तर मुद्दल फिटलं फक्त ८७० रुपये. हे दिसल्यावर कोणतं कर्ज आधी फेडायचं आणि महागडं कर्ज स्वस्तात वळवता येईल का, हे कळतं. मुदत वाढवून घेण्यासाठी बँकेला पत्र कसं लिहायचं हेही तो शिकवतो. जो कागद न बघता पहिल्याच फोनवर 'साठ टक्के माफ' म्हणतो, त्याला तुमच्या कर्जाचं काही पडलेलं नसतं.

फी द्यायची झालीच तर ती किती, कधी आणि काम न झाल्यास परत मिळेल का, हे लेखी घ्या. मुखत्यारपत्रावर सही करू नका, ओटीपी देऊ नका. आणि बँक ऐकतच नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे आणि तक्रारीला एक पैसाही लागत नाही.