जलतरणपटूची भूक आणि घरचे अंदाजपत्रक

तलावावरून परतलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची भूक हा मध्यमवर्गीय घरातील एक अर्थशास्त्रीय प्रश्न आहे, असे म्हटल्यास त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पहाटे पाचला उठून दोन तास पोहायचे, तेथून थेट शाळा, सायंकाळी शिकवणी आणि पुन्हा तलाव, असा ज्याचा दिनक्रम आहे तो मुलगा चार पोळ्यांवर थांबत नाही. अशातच एके दिवशी तो घरी जाहीर करतो की, बरोबरीची मुले व्यायामशाळेत जाऊ लागली आहेत आणि आपल्यालाही प्रथिनांच्या पावडरीचा डबा हवा. किलोभराच्या डब्याला दोन-तीन हजार रुपये सहज पडतात. वडील आकडा ऐकून गप्प होतात. आजी म्हणते, वजने उचलून पोराची उंची खुंटेल.

आजीची भीती जुनी आणि सार्वत्रिक आहे, पण ती निराधार आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या बलवर्धक व्यायामाने मुलांच्या वाढत्या हाडांना अपाय होत नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. किंबहुना जलतरणपटूला त्याची गरज इतरांहून अधिक असते. पाण्यात शरीराचा भार पाणीच पेलते. त्यामुळे धावणाऱ्या किंवा उड्या मारणाऱ्या मुलाच्या हाडांना जो ताण मिळून ती घट्ट होतात, तो पोहणाऱ्याला मिळत नाही. हाडांची ठेव जमा होण्याचे वय तर हेच. शिवाय शर्यतीच्या आरंभीची झेप आणि प्रत्येक वळणावर भिंतीला दिलेला रेटा या दोन्ही गोष्टी पायांच्या ताकदीच्या आहेत. जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे ५० मीटर मुक्तशैलीतील कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले. (त्यांचे नेमके कोठे उणे पडले, हे घरबसल्या सांगण्याचे धाडस कोणी करू नये, परंतु या खेळात हिशेब किती बारीक असतो, ते यावरून कळावे.)

मात्र व्यायामाचा आरंभ लोखंडापासून करण्याचे कारण नाही. आपल्या तालमींतील जोर-बैठका, आडव्या दांड्याला लोंबकळून शरीर वर ओढणे, पोट व कंबर यांना बळकटी देणारे साधे प्रकार, एवढ्यावर पहिले काही महिने सहज निघतात. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस आणि मध्ये एक दिवस विश्रांती. पद्धत अंगवळणी पडल्यावर हलकी वजने. जलतरणपटूचा खांदा आठवड्यात हजारो वेळा फिरतो आणि दुखावतोही तोच. म्हणून पाठीच्या व खांद्याच्या पात्याभोवतीच्या स्नायूंकडे आधी लक्ष द्यावे लागते. मुलांचा ओढा मात्र आरशात दिसणाऱ्या स्नायूंकडे असतो! आणखी एक गोष्ट त्यांना समजावून सांगायला हवी. मुलांची उंची साधारणतः तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते आणि स्नायू त्यामागून भरतात. त्याआधी व्यायामाने येणारी ताकद मुख्यतः मज्जातंतूंच्या शिकण्यातून येते. शेजारच्या रांगेतला मुलगा वर्षभर आधी वयात आला असेल, तर ते अंतर कोणत्याही डब्याने भरून निघत नाही.

आता डब्याकडे वळू. सर्वसाधारण प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. कसून सराव करणाऱ्या खेळाडूसाठी हे प्रमाण १.२ ते २ ग्रॅम मानले जाते. ५५ किलो वजनाच्या मुलाला म्हणजे ६५ ते ११० ग्रॅम. अर्धा लिटर दूध, दोन अंडी, दोन वाट्या घट्ट वरण, एक वाटी उसळ, मूठ-दीड मूठ शेंगदाणे आणि दिवसभराच्या सात-आठ पोळ्या यांची बेरीज ऐंशीच्या घरात जाते. अंडी न खाणाऱ्या घरात फुटाणे आणि सोयाबीन ती जागा भरून काढतात. आजच्या भावाने एक ग्रॅम प्रथिनासाठी शेंगदाण्याला साठ-सत्तर पैसे, अंड्याला रुपयाहून थोडे अधिक, दुधाला दोन रुपयांच्या आतबाहेर आणि पावडरीला तीन रुपयांच्या आसपास मोजावे लागतात. शिवाय एका वेळी वीस-पंचवीस ग्रॅमांपलीकडे घेतलेल्या प्रथिनांचा स्नायूंना होणारा लाभ झपाट्याने घटत जातो. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम वर्गात शिकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

पण खरी चूक याहून मूलभूत आहे. पोट पुरेसे भरले नसेल, तर शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. घर बांधायला आणलेले सागवान चुलीत घालावे, तसा हा प्रकार. तेव्हा सकाळच्या सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात भाकरी, पोहे, केळी, उकडलेला बटाटा असे काही पोटात जाणे महत्त्वाचे. तलाव आणि शाळा यांच्यामध्ये बसमध्ये उघडता येईल असा हा दुसरा डबा कोणीतरी पहाटे साडेचारला उठून भरावा लागतो. त्या श्रमाची किंमत कोणत्याच अंदाजपत्रकात धरली जात नाही. पावडरीत निषिद्ध द्रव्ये मिसळलेली आढळल्याचे प्रकार जगभर घडलेले आहेत, आणि उत्तेजक चाचणीत दोषी ठरतो तो खेळाडू, डबा विकणारा नव्हे.

हाच सल्ला पोहणाऱ्या मुलीला देताना थोडे थांबावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलांमध्ये हे प्रमाण ३१.१ टक्के होते. रक्तात लोह कमी असताना पोहण्याचा दम टिकत नाही, आणि त्यावर व्यायाम वाढवला की थकवाच वाढतो. पाळी अनियमित होणे किंवा थांबणे हे तर अनेकदा अन्न अपुरे पडत असल्याचे लक्षण असते; ते सरावाच्या नावाखाली झाकले जाते. एकाच घरातील भाऊ-बहीण एकाच तलावावर जात असतील, तर अंडी कोणाच्या ताटात पडतात हे पाहण्यासारखे असते. तिच्यासाठी करावयाचा पहिला खर्च डब्याचाही नाही आणि व्यायामशाळेच्या शुल्काचाही नाही. तो हिमोग्लोबिनच्या तपासणीचा आहे, आणि सरकारी दवाखान्यात ती जवळजवळ फुकट होते.