भिगवण आणि कडबनवाडीसाठी एकच लेन्स
सकाळी उजनीच्या फुगवट्यावर होडीतून रोहित, दुपारनंतर कडबनवाडीचा माळ किंवा सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा. अशा फेरीत लेन्स बदलणं नकोच, माळावरची धूळ थेट सेन्सरवर बसते! म्हणून डीएसएलआरसाठी मी टॅमरॉन १८-४०० सुचवेन. २०१७ची, वजन सुमारे ७०० ग्रॅम. १८ला अख्खा थवा, ४००ला एकटा पक्षी. होडी थव्याजवळ न्यायला नावाड्याला भरीस घालावं लागत नाही. मात्र ४००ला अॅपर्चर एफ/६.३च मिळतं, पहाटे आयएसओ बिनधास्त वाढवा. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सावरतं, पंखांची हालचाल नाही. उडत्या रोहितांना शटर १/१००० तरी हवंच. फुल-फ्रेम कॅमेरा असेल तर ही घेऊ नका, ती एपीएस-सीसाठीच बनवलेली आहे.