पुन्हा शाळेकडे (भाग ६) : सतरा नंबरचा फॉर्म आणि घरातली वेळ

मागच्या भागात 'उल्लास' साक्षरता कार्यक्रम पाहिला. १५ वर्षांवरच्या असाक्षरांसाठी महाराष्ट्रात १७ मार्च २०२४ रोजी परीक्षा झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना पन्नास-पन्नास गुण होते. आज त्यापुढच्या टप्प्यावरची माणसे घेऊ. यांना लिहिता-वाचता उत्तम येते, पण नववी-दहावीला शाळा सुटली, लग्न झाले, शेत किंवा दुकान अंगावर आले आणि आता पस्तिशी-चाळिशीत दहावी-बारावीचे पुस्तक हातात घ्यायचे आहे.

मुक्ताईनगर तालुक्यात अशा बायका गावोगावी भेटतील. त्याला एक ठोस कारण आहे. २०२३ पासून अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांच्या भरतीसाठी बारावी पास ही अट आली. त्याआधी मदतनीस होण्यासाठी सातवी पुरत असे. गावातच, घराजवळ, मानाने करता येईल अशी नोकरी खेड्यातल्या बाईला फार क्वचित मिळते. तिच्या दारावर एका शासन निर्णयाने नवे कुलूप लावले. म्हणून 'आता शिकून काय करणार?' हा प्रश्न विचारणाऱ्याला सरळ उत्तर आहे : नोकरीचा अर्ज भरणार.

त्यासाठीची वाट म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. शाळा-महाविद्यालयात नियमित न बसता राज्य मंडळाची दहावी-बारावी खासगी विद्यार्थी म्हणून देण्याचा हा अर्ज. तो ऑनलाइन भरायचा, जवळची शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय संपर्क केंद्र म्हणून निवडायचे आणि कागदपत्रे तिथे द्यायची. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, फोटो. दाखला हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र. वाचायला सोपे वाटते. पण दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर दाखल्याच्या एका प्रतीसाठी दिवसाची मजुरी बुडते. अभ्यासाच्या भीतीने मागे फिरणाऱ्यांइतकीच माणसे या कागदाच्या खेपांनी दमतात, असे माझे मत आहे. फॉर्मची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता दाखला उन्हाळ्यातच काढून ठेवावा. नावाच्या फरकासाठी कोणता पुरावा चालेल, हे संपर्क केंद्रात आधी विचारून घ्यावे.

खरा पेच वेळेचा आहे. शहरातला नोकरदार रविवार तरी मोकळा धरू शकतो. केळीच्या आणि कापसाच्या पट्ट्यात रविवार तसा नसतो. जून-जुलैत मृगबागेची लावणी, पावसाळाभर निंदणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास कांदेबाग आणि त्याच वेळी कापसाची वेचणी. वेचणीला गेलेली बाई संध्याकाळी घरी येते तेव्हा बोटे बोंडांच्या काट्यांनी ओरबाडलेली असतात, आणि चूल तिचीच वाट पाहत असते. पुरुषांचेही निराळे नाही. शेतीच्या पंपाला रात्रीची वीज असेल त्या आठवड्यात पाणी द्यायला रात्रीच शेतात जावे लागते. अशा घरात अभ्यासाला वेळ 'उरत' नाही. तो कुणीतरी काढून द्यावा लागतो.

आणि परीक्षा येते नेमकी यात्रेच्या दिवसांत. २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि महाशिवरात्र होती २६ तारखेला. महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताई-चांगदेव यात्रेला दिंड्या येतात, नातेवाईक येतात. गावातल्या कित्येक घरांत पाहुण्यांची पंगत उठत नाही तोच दुसरी बसते. पेपर असलेल्या सुनेने त्या दिवशी पोळ्या लाटायच्या की इतिहास वाचायचा, याचा निकाल परीक्षेच्या आदल्या रात्री लावता येत नाही. तो दिवाळीतच, सासू, नवरा, मोठी मुले यांना समोर बसवून लावावा. पहाटेचा एक तास कुणी तिला हाक मारायची नाही, यात्रेत स्वयंपाक जावेने किंवा नवऱ्याने सांभाळायचा, असे स्पष्ट ठरवावे. 'तू कर, आम्ही आहोत' एवढ्याने भागत नाही. कोणते काम कुणाकडे गेले ते सांगावे लागते.

गणिताविषयी थोडे. दहावी पुन्हा देणाऱ्यांना त्याचीच सर्वांत जास्त धास्ती असते. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विक्री करताना तोंडी केलेले हिशेब सुमारे ९८ टक्के बरोबर आले. तीच आकडेमोड कागदावर, शाळेच्या रीतीने दिली तेव्हा बरोबर उत्तरे ३७ टक्क्यांवर घसरली. ती मुले होती, पण आपल्याकडच्या मोठ्यांना हे लगेच पटेल. क्विंटलमागचा भाव, घट, मजुरी, गाडीभाडे हे सारे मनात जुळवून व्यापाऱ्याशी घासाघीस करणारा माणूस 'शेकडेवारी' हे प्रकरणाचे नाव पाहून घाबरतो. त्याने आपलाच केळीचा हिशेब आधी वहीत मांडावा आणि मग पुस्तकातले उदाहरण सोडवावे. येणाऱ्या गोष्टीला कागदावरची रीत जोडणे, एवढेच काम बाकी असते.

लाजेचे काय? पोरीच्या वयाच्या मुलींशेजारी परीक्षेला बसायचे, पोटच्या मुलाकडून इंग्रजीचा धडा समजून घ्यायचा, हे अनेकांना जड जाते. आपल्याच तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे मंदिर आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याने लहानग्या मुक्ताईला गुरू केले, असे परंपरा सांगते. जिथे या कथेची यात्रा भरते, तिथल्या बापाने लेकीकडून शिकताना मान खाली घालू नये.

आठवीपर्यंतही न पोहोचलेल्यांसाठी राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे. त्याच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षांविषयी पुढच्या आठवड्यात. १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा भाग त्यानंतर येईल. पण एक गोष्ट आजच सांगून ठेवतो, कारण इथे लोक फसतात. त्या विद्यापीठाच्या पूर्वतयारी परीक्षेने बारावी न झालेल्या अनेकांना पदवीचा रस्ता दिला, तरी ती परीक्षा म्हणजे बारावी नव्हे. जिथे भरतीच्या जाहिरातीत बारावी मागितली आहे, तिथे मंडळाचे बारावीचे प्रमाणपत्रच लागेल. फी भरण्याआधी जाहिरातीतली ती ओळ नीट वाचा.